साडेचार मीटरवरचं पाणी

धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या कॉलनीत मला सगळे ‘पाणीवाले काका’ म्हणतात. नवं घर बांधणारा कोणीही आधी माझ्याकडे येतो. चहा घेतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि मग हळूच विचारतो, ‘काका, बोअर कुठे मारू?’ मी सांगतो, मारू नका. तो हसतो. कारण तो बसलेला असतो त्या ओट्यापासून चार पावलांवर माझ्याच अंगणात माझंच बोअर असतं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा या भागात मोजून सात घरं होती आणि समोर कापसाची वावरं. आता वावरं गेली, तीन-तीन मजले चढले आणि प्रत्येक फाटकाआड जमिनीला एक भोक आहे. मी नोकरीभर जमिनीखालचं पाणी मोजलं आणि आपल्या घरापुरतं तेच केलं जे बाकीच्यांनी केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मी कोणी साधुसंत असल्याचा गैरसमज नको.

काम काय होतं ते आधी सांगतो. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या काही ठरावीक विहिरींना आमच्या ऑफिसात ‘निरीक्षण विहिरी’ म्हणत. विहिरी शेतकऱ्यांच्या, पाणी त्यांचं, आमची फक्त नजर. वर्षातून चार वेळा जायचं, कठड्यावर पांढऱ्या रंगाने खूण केलेली असते तिथून लोखंडी टेप खाली सोडायची, पाणी किती खोल आहे ते मोजायचं आणि रजिस्टरात लिहायचं. टेपच्या टोकाला खडू चोळायचा. पाण्यात बुडेल तेवढा खडू ओला होतो, त्यावरून आकडा काढायचा. लहान मुलालाही जमेल असं काम. म्हणून गावात लोक विचारायचे, ‘याचा पगार मिळतो?’

पण या कामाला दोन नियम होते. पहिला, मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद केल्यावर मोजायचं नाही, पाणी निवांत असलं पाहिजे. दुसरा, मालकाला आधी कळवायचं नाही. अचानक जायचं. आणि रजिस्टरात शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना असे. काही वावगं दिसलं, तर त्यात लिहायचं. विहीर ढासळली, गाळ साचला, बाहेरून पाणी सोडलं, जे असेल ते. माझ्या रजिस्टरात तो रकाना इतका कोरा असायचा की त्यावर शेवया वाळत घालता आल्या असत्या.

गिऱ्हाइकं मात्र नाना तऱ्हेची. मुक्ताईनगरकडे केळीचे एक मोठे बागायतदार होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्यांच्या विहिरीत माझी टेप संपली तरी पाणी लागेना. मी टेपला सुतळी बांधली, ती संपता संपता टोक कोरड्या तळाला टेकलं. भाऊ बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, ‘मोजून काय करता साहेब? मोजल्यानं पानी वाढते का?’ मी काहीतरी शास्त्रीय बोललो. ते म्हणाले, ‘मीटर बसवाचा इचार दिसते तुमचा.’ मग त्यांनी मला बागेत नेलं. विहिरीच्या चारही बाजूंना त्यांच्या मुलांची, पुतण्यांची बोअर होती. आजोबाच्या काळी एक चूल आणि एक मोट होती, आता नऊ चुली आणि नऊ मोटारी. विहीर कोरडी का झाली, हे मला त्यांच्या वंशावळीवरून जास्त कळलं. तिथे मी रीतसर ‘कोरडी’ असं लिहिलं. भाऊंनी जाताना केळीचा घड दिला, तो मी घेतला. आकड्यात खोट केली नाही म्हणून त्या दिवशी मला स्वतःचा अभिमानही वाटला होता.

आता मूळ गोष्टीवर येतो.

सोनगीरहून आत गेलं की एक गाव लागतं. तिथे नानांची विहीर होती. नाना म्हणजे जुन्या वळणाचे शेतकरी. डोक्यावर टोपी, बोलणं कमी, पाहुणा आला की मात्र घरभर धावपळ. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला विहिरीच्या काठावर उभं केलं आणि म्हणाले, ‘मना आजलानी खंदेल इहीर शे ही, सायेब. आजवर आटनी नही.’ आजोबांनी खणलेली ती अरुंद, दगडी बांधणीची, देखणी विहीर होती. पाणी साडेचार मीटरवर. मी लिहून घेतलं.

नानांचं गाव माझ्या फेरीत शेवटी येई, दुपारी जेवायच्या वेळेला. पहिल्या खेपेलाच त्यांच्या घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं आणि माझा नियम तिथेच सुटला. त्यानंतर मी कधी त्यांच्याकडे न कळवता गेलो नाही. पूर्वी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडायचो, पुढे मोबाइल आला. ‘नाना, परवा येतोय.’ ‘या सायेब, या.’ बस, एवढंच बोलणं. दोन दिवस आधी कळवलं म्हणजे घरच्यांची धांदल होत नाही, असं मी मनाला सांगत असे. खरं म्हणजे भरीत निवांत व्हावं, यासाठी ते होतं.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात मी टेप सोडली आणि सहज पलीकडे नजर गेली. कठड्यावरून एक काळा पाइप आत सोडलेला होता. त्याच्या तोंडातून थेंब गळत होते. पाइप कुठून येतो ते बघायला मी पाच-सहा पावलं गेलो. बाभळीआड बोअर होतं, गुरगुरून नुकतंच गप्प झालेलं. बोअरच्या केसिंग पाइपला हात लावला तर तो गार लागला.

यात नवल काही नव्हतं. बोअरचं पाणी आधी विहिरीत सोडायचं आणि विहिरीतून ठिबकला द्यायचं, ही अर्ध्या खानदेशाची रीत आहे. पण माझ्यासाठी त्याचा अर्थ साधा होता. मी मोजत होतो ते विहिरीचं पाणी नव्हतंच. ते शेकडो फूट खालून ओढून आणून वर ओतलेलं होतं. म्हणजे साडेचार मीटर हा आकडा टेपच्या दृष्टीने खरा आणि गावाच्या दृष्टीने साफ खोटा होता. शेऱ्यात चार शब्द लिहायचे होते : ‘विहिरीत बोअरचे पाणी सोडलेले.’

मी ते लिहिले नाहीत.

का लिहिले नाहीत, याची मी स्वतःला पुष्कळ उत्तरं दिली आहेत. तसा शेरा मारला की ती विहीर बाद होते. मग त्या शिवारात दुसरी विहीर शोधा, मालकाची संमती घ्या, नवी खूण करा, वरती पत्रं लिहा. कोण करणार? शिवाय माझ्या रजिस्टरात एकही मोजणी चुकलेली नव्हती आणि त्याचा मला भारी तोरा होता. नानांच्या विहिरीचा आलेख तर असा सरळ यायचा की एकदा आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये तो सगळ्यांना दाखवला. ‘याला म्हणतात सातत्य,’ असं म्हणाले. मी खाली मान घालून हसलो. लोकांना वाटलं, विनय आहे.

पुढची अनेक वर्षं मी तो पाइप बघत होतो आणि आकडा लिहीत होतो. एकदा तर पाइपची अडचण होते म्हणून मीच तो बाजूला सरकवला आणि टेप सोडली.

मधल्या काळात गाव वाढत होतं. हायवेच्या बाजूला प्लॉट पडले, दोन हॉटेलं झाली, गाड्या धुवायचं केंद्र झालं. नानांच्या भाऊबंदकीची अकरा घरं झाली आणि अकरा बोअर. एकाचं पाणी गेलं की तो शेजाऱ्याहून पन्नास फूट खाली जाई, मग शेजारी त्याच्याहून पन्नास फूट. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि माझा आलेख मात्र शाळेतल्या फळ्यावरच्या रेघेसारखा सरळ होता. ज्या गावांचं पाणी खाली गेलं त्यांची यादी झाली. तिथे नव्या बोअरला मनाई आली, नाल्यावर बंधारे आले. शेजारच्या गावाचं नाव त्यात होतं, नानांच्या गावाचं नव्हतं. या गावाचं पाणी वर आहे, असं कागद सांगत होता. आणि कागद माझा होता.

माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. दुपारी ऑफिसात एक बाई आल्या. नानांची सून मंगलाबाई. त्यांच्या हातचं मी इतक्या वेळा जेवलो होतो, पण समोरासमोर कधी बोललो नव्हतो. त्याच वर्षी त्या ग्रामपंचायतीत निवडून आल्या होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद.

‘साहेब, टँकरचा प्रस्ताव परत आला,’ त्या म्हणाल्या. ‘गावात पाणी आहे म्हणे. साडेचार मीटरवर.’

मी म्हणालो, ‘तुमच्या विहिरीची तशी नोंद आहे खरी.’

‘नोंद आहे. पाणी कुठे आहे?’

‘बोअरचं पाणी तुम्ही ठिबकला देता ना विहिरीतून? त्यामुळे थोडा फरक...’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं वाक्य पुरं झालं नाही. मग त्यांची ऑफिसातली मराठी सुटली.

‘ठिबकले? ठिबक कधीनं बंद पडनं, सायेब. ते पानी तुमनाकरता सोडतस. तुमना फोन ऊना का नाना दोन दिन मोटार बंद करू देतस नही. जेवढी लाइट येई तेवढं बठ्ठं पानी इहीरमा.’

‘माझ्याकरता? का पण?’

‘पाव्हनाना समोर इहीर उघडी पडाले नको, म्हनीसन.’

 शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी फाइलीत डोकं घालून ऐकत होते.

मंगलाबाई पुढे म्हणाल्या, ‘त्या बोअरवर वीस घरं पानी भरतस. तुम्ही येनार ऱ्हायनात का दोन दिन आमले थेंब नही. आम्ही बाया हंडा लई हायवेवर हाटेलमा जातस. तठला मानूस काय काय बोलस, ते तुमले आठे सांगू का?’

मी नको म्हणालो.

म्हणजे मी फोन करत होतो. त्या फोनवर विहीर भरत होती. मी जाऊन ती मोजत होतो, भरीत खात होतो आणि गावात पाणी आहे असं लिहून परत येत होतो. इतकी वर्षं मी जमिनीचं पाणी नाही, स्वतःचा पाहुणचार मोजला होता. आणि तो पाहुणचार त्या बायांच्या डोक्यावरून येत होता.

त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला. ‘एवढं लिहून द्या, साहेब,’ पुन्हा शुद्ध मराठीत त्या म्हणाल्या. ‘पाणी बोअरचं आहे. बाकी काही नको.’

तेव्हा मी लिहायला हवं होतं. हात टेबलावरच होता आणि पेनही होतं. पण डोक्यात चौकशी फिरू लागली. इतकी वर्षं शेरा का नाही? आधी का कळवलं? निवृत्तीला चार महिने राहिलेत आणि पेन्शनच्या कागदांवर लाल शाई आली तर? मी म्हणालो, ‘मी वरती कळवतो.’ सरकारी माणूस हे कधी म्हणतो, ते मंगलाबाईंना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी कागद घडी करून ठेवला आणि नोंदीची नक्कल मागितली. ती मी तत्परतेने दिली. ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शिक्का मारला, खाली सही केली. नक्कल खरोखरच अस्सल होती.

वरती मी काहीही कळवलं नाही. पुढची मोजणी मात्र फोन न करता सहकाऱ्यावर ढकलली. तो कुंपणाचं दार बंद आहे म्हणून परत आला. निरोपसमारंभात माझ्या सातत्याचं कौतुक झालं आणि मला शाल मिळाली.

पेन्शन सुरू झाल्यावर, पुढच्या उन्हाळ्यात, मी नानांकडे गेलो. सुरू होण्याआधी नाही, हेही लिहायला हवं. तेव्हा माझ्याजवळ धैर्य आलं होतं असं कोणाला वाटू नये. माझं आता काही वाकडं होणार नव्हतं, एवढंच.

न कळवता गेलेलो. विहीर वाटेतच होती. वाकून बघितलं तर तळाचा खडक, त्यावर तडकलेला गाळ आणि एक चप्पल. तसा तळ मी तिथे कधी पाहिलाच नव्हता. नाना ओसरीवर खाटेवर होते. खूप वाळले होते. मला बघून आधी आनंदले आणि मग त्यांची नजर माझ्या मागे विहिरीच्या वाटेकडे गेली. मी बघून आलोय, हे त्यांच्या लक्षात आलं. तो म्हातारा माणूस माझ्यासमोर शरमला. शरमायचं कोणी आणि शरमलं कोण!

मी जे बोलायचं ते बोललो. पाइप मला दिसला होता, मी लिहिलं नाही, त्यामुळे बंधारा आला नाही, टँकर आला नाही, सगळं.

नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आवंदा आंडेरले सांगी धाडं, आखाजीले येऊ नको म्हनीसन. पानी नही शे. जलम गया मना, पन आसं कधी सांगं नव्हतं.’

आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येते. सासरी कितीही वर्षं झाली, नातवंडं झाली, तरी येते. झाडाला झोका बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरतात. लेकीला येऊ नको म्हणायची वेळ शत्रूच्याही घरी येऊ नये असं आम्ही मानतो. ती नानांवर आली होती आणि तिच्यात माझ्या सहीचा वाटा होता. 

‘चूक माझी आहे, नाना,’ मी म्हणालो.

‘तुमना काय दोस?’ नाना म्हणाले. ‘पानी मी सोडं. तुम्ही मोजं. मोजनारानी काय खोटं मोजं नही.’

आणि खरं सांगतो, हे ऐकून मला बरं वाटलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. या लेखातलं मला सगळ्यात लाजिरवाणं वाटतं ते हेच. त्या माणसाने स्वतःवर दोष घेतला आणि मी तो त्याला घेऊ दिला.

मंगलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. त्या म्हणाल्या, ‘सायेबले हालकं वाटनं आते.’ मग आत गेल्या आणि कागद-पेन घेऊन आल्या. ‘बोलनं व्हयनं. आते लिखी द्या. बंधारानी यादी परत व्हई राहिनी. अर्जले जोडनं शे.’

मी खिसे चाचपल्यासारखं केलं. ‘चष्मा घरी राहिला,’ म्हणालो.

चष्मा माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात होता.

 नानांच्या उशाशी त्यांचा चष्मा पडला होता, एका काडीला दोरा बांधलेला. तो मंगलाबाईंनी उचलला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. ‘नानाना लावा,’ म्हणाल्या. नाना माझ्याकडे बघत होते. मी लावला. अक्षर थोडं मोठं दिसत होतं, पण दिसत होतं.

मग मी लिहिलं. माझं नाव, हुद्दा, विहिरीचा क्रमांक. ‘सदर विहिरीत बोअरचे पाणी कदाचित सोडले जात असावे व त्याची नोंद माझ्याकडून शेऱ्यात घेण्यात आली नाही.’ सही केली आणि कागद पुढे केला.

मंगलाबाईंनी तो उभ्यानेच वाचला. ओठ हलवत, शब्दन् शब्द. मग खाटेच्या कडेवर कागद ठेवला आणि ‘कदाचित’वर बोट टेकवलं.

‘हाऊ शब्द खोडा,’ म्हणाल्या. मग खालच्या ‘असावे’कडे बोट नेलं. ‘आनि हाऊ बी.’

मी दोन्ही शब्द खोडले. वर ‘होते’ लिहिलं. आणि सरकारी कागदावर खाडाखोड केली की करावी लागते, तशी दोन्ही ठिकाणी शेजारी छोटी सही केली.